तेराही सामने जिंकून प्लेऑफबाहेर: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील अपराजित संघांचा प्रश्न

३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने त्या हंगामाची अखेरची क्रमवारी जाहीर केली. विजेतेपदासाठीच्या प्लेऑफमध्ये जागा चार होत्या आणि फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ पाचव्या क्रमांकावर होता. या संघाने तोवरचे तेराही सामने जिंकले होते आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विजेतेपद आदल्याच रात्री मिळवले होते. तिसरी जागा टेक्ससला आणि चौथी अलाबामाला मिळाली. हे दोन्ही संघ आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते असले, तरी प्रत्येकाच्या खात्यावर एकेक पराभव होता. चार संघांच्या प्लेऑफची पद्धत २०१४ च्या हंगामापासून सुरू होती. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता त्यातून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

एकही सामना न हरलेला संघ बाहेर आणि हरलेले दोन संघ आत, हे प्रथमदर्शनी कोणालाही अन्यायाचे वाटेल. तरीही समितीतील तेरा माणसांनी तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि त्याचे समर्थन करणारे जाणकार अमेरिकेत आजही आहेत. हा निर्णय चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ‘जो हरला नाही तो आधी’ इतक्या साध्या नियमाने हा प्रश्न सुटत नाही, आणि तो का सुटत नाही हे समजून घेतल्याशिवाय चूक नेमकी कोठे झाली तेही कळत नाही.

आधी या खेळाची रचना पाहू. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे नेला जातो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, आणि चेंडू कोणाकडे द्यायचा, कोणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू ठरवतो. विद्यापीठांचे संघही अतिशय लोकप्रिय आहेत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना पहिल्याच शरद ऋतूत कळते की सामन्याच्या शनिवारी त्या गावात दुसरे काही घडत नसते.

२०२३ मध्ये सर्वोच्च श्रेणीत १३३ विद्यापीठे होती आणि प्रत्येकाला नियमित हंगामात साधारणपणे बारा सामने मिळत होते. सगळा गोंधळ या दोन आकड्यांमधून निर्माण होतो. आयपीएलमध्ये दहा संघ असतात आणि साखळी फेरीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी किमान एकदा खेळतो, त्यामुळे गुणतक्त्यावर सहसा वाद होत नाही. १३३ संघांपैकी प्रत्येकाची गाठ जेव्हा फक्त बारा जणांशी पडते, तेव्हा दोन संघांची थेट तुलना करायला सामाईक प्रतिस्पर्धीही अनेकदा सापडत नाही. बारापैकी आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समधील संघांशी असतात आणि उरलेले तीन-चार विद्यापीठे आपापसात ठरवतात. कॉन्फरन्सची ताकद सारखी नसते. त्या वर्षी पाच कॉन्फरन्स मोठ्या मानल्या जात होत्या आणि त्यांतही साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा दबदबा सर्वाधिक होता. उरलेल्या पाचांकडे पैसा, प्रेक्षक आणि नामवंत खेळाडू बरेच कमी होते.

अशा रचनेत ‘अपराजित’ या शब्दाचे वजन संघ कोणाशी खेळला यावर ठरते. दोन अगदी सारख्या ताकदीच्या संघांची कल्पना करा. पहिल्याचे वेळापत्रक सोपे आहे आणि बाराही सामन्यांत त्याची जिंकण्याची शक्यता ९५ टक्के आहे. दुसऱ्याचे आठ सामने बरे आहेत, तेथे ही शक्यता ९० टक्के आहे, आणि चार सामने खरोखर अवघड आहेत, तेथे ती ६५ टक्के आहे. गणित केले तर पहिला संघ बाराही सामने जिंकण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते, तर दुसऱ्याची जेमतेम ८ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसरा संघ एकही सामना न हरता किंवा फार तर एक हरून हंगाम संपवण्याची एकत्रित शक्यताही सुमारे ३१ टक्केच आहे. म्हणजेच अवघड वेळापत्रकात अकरा सामने जिंकणे हे सोप्या वेळापत्रकात बारा जिंकण्यापेक्षा दुर्मीळ ठरते. एक पराभव पत्करलेल्या बलाढ्य संघाच्या बाजूने असलेला हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे.

त्याच डिसेंबरमध्ये याचे जिवंत उदाहरण समोर होते. अपराजित संघ तीन नव्हे, चार होते: मिशिगन, वॉशिंग्टन, फ्लोरिडा स्टेट आणि लिबर्टी. लिबर्टीनेही तेराच्या तेरा सामने जिंकले होते, पण ते कॉन्फरन्स यूएसए या लहान कॉन्फरन्समध्ये आणि बऱ्याच दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. समितीने त्याला तेविसावा क्रमांक दिला. लिबर्टीला प्लेऑफमध्ये घ्या, असे गांभीर्याने म्हणणारे फारसे कोणी नव्हते. पुढे फिएस्टा बाउलमध्ये (बाउल म्हणजे हंगामोत्तर निमंत्रितांचा सामना) ओरेगॉनने लिबर्टीचा ४५–६ असा पराभव केला. फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला लिबर्टीचे काय करायचे याचे उत्तर द्यावे लागते, आणि ‘अपराजित आहे म्हणून’ हे एकच कारण पुढे केले तर ते उत्तर देता येत नाही.

हे उत्तर शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. एक म्हणजे या संघाने आजवर काय मिळवले, आणि दुसरा म्हणजे हा संघ उद्या किती चांगला खेळेल. पहिल्याला आपण कर्तृत्व म्हणू आणि दुसऱ्याला कुवत. प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, परक्या मैदानावरचे विजय, एकमेकांविरुद्धचे निकाल, कॉन्फरन्सचे विजेतेपद या सर्व बाबी कर्तृत्वात मोडतात, कारण त्या घडून गेलेल्या आहेत. खेळाडूंची गुणवत्ता, सट्टेबाजांचे अंदाज, कोण जखमी आहे आणि त्याच्याशिवाय संघ कसा खेळेल या बाबी कुवतीत मोडतात. लिबर्टी मागे राहिला तो कर्तृत्वाच्या हिशेबात. फ्लोरिडा स्टेट मागे राहिला तो मुख्यतः कुवतीच्या अंदाजावर. या दोन निर्णयांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फ्लोरिडा स्टेटचे कर्तृत्व किरकोळ नव्हते. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी ऑर्लँडो येथे लुइझियाना स्टेटचा ४५–२४ असा पराभव केला. त्या संघाचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. पुढे क्लेमसनला त्यांच्या मैदानावर अतिरिक्त वेळेत ३१–२४ असे हरवले. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. पुढच्या सामन्यात राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकरला घेऊन संघाने फ्लोरिडा या दुसऱ्या विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २४–१५ असे हरवले. त्यानंतर रोडमेकरही खेळू शकला नाही, तेव्हा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मैदानात उतरला. आक्रमण अडखळत होते, पण बचाव असा जबरदस्त होता की लुईव्हिलला संपूर्ण सामन्यात सहाच गुण मिळाले आणि फ्लोरिडा स्टेटने तो १६–६ असा जिंकला. यातले दोन विजय, लुइझियाना स्टेट आणि फ्लोरिडा यांच्यावरचे, साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्याच संघांवरचे होते.

या अंतिम सामन्याआधीच्या मंगळवारी समितीने जी क्रमवारी दिली होती, तिच्यात फ्लोरिडा स्टेट चौथ्या आणि अलाबामा आठव्या क्रमांकावर होता. ट्रॅव्हिस तेव्हाही जखमीच होता आणि समितीला ते माहीत होते. त्यानंतर फ्लोरिडा स्टेटने कॉन्फरन्स जिंकली आणि तो एक क्रमांक खाली गेला. समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता की ट्रॅव्हिसशिवायचा फ्लोरिडा स्टेट हा पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही. समितीच्या लिखित निकषांत अशी तरतूद खरोखरच होती: महत्त्वाचे खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसतील आणि त्याचा हंगामोत्तर कामगिरीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर समिती ते विचारात घेऊ शकते. म्हणजे समितीने नियम मोडला नाही, आणि म्हणूनच मला दोष त्या तरतुदीतच दिसतो.

आता अलाबामाकडे पाहू, कारण त्याची बाजूही पोकळ नव्हती. २ डिसेंबरला त्याने साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला २७–२४ असे हरवले. जॉर्जिया आधीच्या दोन हंगामांचा राष्ट्रीय विजेता होता, सलग २९ सामने जिंकून आला होता आणि क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता. त्या हंगामात कोणत्याही संघाने मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय होता, असे म्हटले तरी चालेल. पण तोच अलाबामा सप्टेंबरमध्ये स्वतःच्या मैदानावर टेक्ससकडून ३४–२४ असा हरला होता. आणि जॉर्जियावरच्या विजयाच्या एकच आठवडा आधी, ऑबर्नच्या मैदानावर, तो दुसऱ्या पराभवापासून केवळ एका चेंडूफेकीच्या अंतरावर होता. सामना संपायला मिनिटभरही उरले नव्हते, अलाबामा चार गुणांनी मागे होता, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न होता आणि गोलरेषा ३१ यार्ड दूर होती. जेलन मिलरोने चेंडू गोलक्षेत्राच्या डाव्या कोपऱ्याकडे फेकला, आयझाया बाँडने तो रेषेच्या आत झेलला आणि अलाबामा २७–२४ असा जिंकला. ऑबर्न हा त्या वर्षी सामान्य संघ होता आणि आदल्याच आठवड्यात न्यू मेक्सिको स्टेटने त्याला त्याच मैदानावर ३१–१० असे धुऊन काढले होते.

अलाबामाला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. तो विजय त्याने मिळवला आणि तो पूर्ण विजय म्हणूनच मोजला गेला पाहिजे, नशिबाने मिळाला म्हणून त्याचे मोल कमी करायचे नाही. पण मग हाच न्याय फ्लोरिडा स्टेटलाही लागला पाहिजे. अलाबामाच्या निसटत्या विजयाकडे ‘शेवटी जिंकला ना’ असे पाहायचे आणि फ्लोरिडा स्टेटच्या १६–६ कडे ‘जिंकला, पण कसा’ असे पाहायचे, ही दोन मापे झाली.

समितीची खरी अडचण अशी होती की टेक्ससने अलाबामाला हरवले होते, त्यामुळे अलाबामा आत आणि टेक्सस बाहेर असे करता येत नव्हते. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या विजेत्याला वगळणे समितीला जड जात होते, कारण आधीच्या नऊही वर्षांत त्या कॉन्फरन्सचा किमान एक संघ प्लेऑफमध्ये होता. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित होते आणि त्यांच्याबद्दल वाद नव्हता. अलाबामा आत म्हणून टेक्सस आत, आणि ते दोघे आत म्हणून फ्लोरिडा स्टेट बाहेर, अशी ती साखळी जुळली. माझ्या मते ही साखळी उलट्या टोकाने ओढायला हवी होती. मोठ्या कॉन्फरन्सचे तीन अपराजित विजेते आधी आत, मग एक पराभव असलेल्या दोघांपैकी ज्याने दुसऱ्याला त्याच्याच मैदानावर हरवले तो टेक्सस आत, आणि अलाबामा बाहेर. या मांडणीत कोणत्याही अंदाजाची गरज लागत नाही, केवळ घडलेले निकाल वाचले तरी पुरते.

अंदाजावर माझा विश्वास का नाही, याचे उत्तर याच स्पर्धेच्या पहिल्या वर्षात आहे. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगाम सुरू होण्याआधीच जखमी झाला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध जखमी झाला. बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कार्डेल जोन्स हा तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक उतरवावा लागला आणि ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनचा ५९–० असा फडशा पाडला. त्या निकालाच्या जोरावर समितीने या संघाला चौथी जागा दिली. मग जोन्सच्याच हाताखाली संघाने उपांत्य सामन्यात अलाबामाला ४२–३५ आणि अंतिम सामन्यात ओरेगॉनला ४२–२० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचा संघ काय करील, हे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बैठकीच्या खोलीत बसून कोणालाच सांगता येत नाही, इतके तरी त्या वर्षाने दाखवून दिले.

कोणी म्हणेल की ओहायो स्टेटने ५९ गुण करून शंका फेडली आणि फ्लोरिडा स्टेटला सोळाच करता आले. बरोबर आहे. पण समोरच्या संघाला सहा गुणांवर रोखणे हीसुद्धा फुटबॉल जिंकण्याची रीत आहे. या निर्णयाने अकरा जणांच्या सांघिक खेळाचे मोल एका खेळाडूच्या पायावर बेतले. त्या दिवशी ट्रॅव्हिसने जाहीरपणे जे लिहिले, त्याचा आशय असा होता की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ क्वार्टरबॅकहून कितीतरी मोठा आहे हे लोकांना दिसले असते. एका विद्यार्थी खेळाडूवर असे म्हणण्याची वेळ यावी, याहून या तरतुदीविरुद्ध मोठा पुरावा मला सापडत नाही.

या वादात एक आकडा हमखास पुढे केला जातो. ३० डिसेंबरला ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३–३ असे चिरडले. बाउल सामन्यांच्या इतिहासात इतक्या फरकाने कोणताही निकाल लागला नव्हता. समिती बरोबर होती याचा हा पुरावा म्हणून मांडला जातो, पण त्या सामन्यात उतरलेला संघ डिसेंबरच्या सुरुवातीचा संघ नव्हताच. विजेतेपदाचा मार्ग बंद झाल्यावर व्यावसायिक लीगची तयारी करणारे प्रमुख खेळाडू न खेळण्याचा निर्णय घेतात, काही दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवतात. फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू अशा कारणांनी किंवा दुखापतींमुळे त्या सामन्यात नव्हते. प्लेऑफमध्ये जागा मिळाली असती तर त्यांतले बहुतेक खेळले असते. वगळल्यामुळे जे घडले, त्याचा आधार वगळण्याच्या समर्थनासाठी घेता येत नाही. शिवाय प्लेऑफमध्ये मोठ्या फरकाने हरणे हा काही अपात्रतेचा दाखला नसतो. २०२२ च्या हंगामात टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने उपांत्य सामन्यात मिशिगनला ५१–४५ असे हरवले आणि अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून ६५–७ असा मार खाल्ला. दोन्ही निकाल एकाच संघाचे आणि दहा दिवसांच्या आतले आहेत.

फ्लोरिडा स्टेट निदान मोठ्या कॉन्फरन्समध्ये तरी होता. लहान कॉन्फरन्समधील अपराजित संघांची व्यथा याहून जुनी आणि अधिक खोल आहे. १९९८ ते २०१३ या काळात बाउल चॅम्पियनशिप सिरीज नावाची पद्धत होती. तिच्यात मतदानावर आधारित क्रमवाऱ्या आणि संगणकांची गणिते एकत्र करून केवळ दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडले जात. २००६ च्या हंगामात आयडाहो राज्यातील बोइझी स्टेटने बारा सामने जिंकले, तरी त्यांना अंतिम सामना मिळाला नाही, मिळाला तो फिएस्टा बाउल, बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध. १ जानेवारी २००७ च्या त्या सामन्यात अतिरिक्त वेळेत बोइझी एका गुणाने मागे होता. एक गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधता आली असती, पण प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांनी दोन गुणांचा जुगार घेतला. क्वार्टरबॅक जॅरेड झब्रान्स्कीने उजव्या हाताने पास फेकण्याचा नुसता आविर्भाव केला, बचावपटू तिकडे धावले, आणि चेंडू त्याने डाव्या हाताने पाठीमागून इयन जॉन्सनच्या हाती सरकवला. जॉन्सन मोकळ्या बाजूने धावत जाऊन गोलक्षेत्रात शिरला. ४३–४२. हंगामअखेर सर्वोच्च श्रेणीत बोइझी हा एकमेव अपराजित संघ उरला, पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, पत्रकारांच्या मतांवर आधारित अंतिम क्रमवारीत त्याला पाचवे स्थान मिळाले. विजेतेपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला मिळाले. दोनच वर्षांनी युटाने तेराही सामने जिंकले आणि शुगर बाउलमध्ये अलाबामाला ३१–१७ असे हरवले. त्या वर्षीचा अंतिम सामना मात्र एकेक पराभव असलेल्या फ्लोरिडा आणि ओक्लाहोमा यांच्यात झाला.

अशा संघांना सांगितले जाते की तुमचे वेळापत्रक सोपे आहे. त्यात तथ्य आहे, हे वरच्या गणितातून दिसलेच. पण वेळापत्रक अवघड करणे त्यांच्या हातात असते का? कॉन्फरन्सबाहेरचे सामने कित्येक वर्षे आधी ठरतात. बलाढ्य विद्यापीठे लहान संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात, आणि त्यांतही जो हमखास हरेल असाच पाहुणा त्यांना हवा असतो. ज्याच्याकडून हरण्याची भीती आहे, अशा लहान संघाशी खेळून मोठ्या विद्यापीठाच्या पदरात काही पडत नाही: जिंकले तर कौतुक नाही, हरले तर हंगाम बुडाला. म्हणजे लहान संघ जितका चांगला, तितके त्याला मोठे प्रतिस्पर्धी मिळणे कठीण. आणि मग प्रतिस्पर्धी नव्हते म्हणून जागा नाही, असे त्यालाच ऐकवले जाते.

२०१७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या बाबतीत हेच झाले. बाउल सामन्यांपूर्वी ते अपराजित होते आणि समितीने त्यांना बारावा क्रमांक दिला. अलाबामा त्या वर्षी ऑबर्नकडून हरला होता आणि स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला नव्हता, तरी त्याला चौथी जागा मिळाली. पुढे पीच बाउलमध्ये सेंट्रल फ्लोरिडाने त्याच ऑबर्नला ३४–२७ असे हरवले. राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही ऑबर्नने त्या हंगामात हरवलेले होते. याने त्याला हरवले आणि त्याने तिसऱ्याला हरवले म्हणून पहिला तिसऱ्यापेक्षा श्रेष्ठ, असे खेळात सिद्ध होत नाही. पण सेंट्रल फ्लोरिडाला एक संधी मिळायला हवी होती, इतके त्यातून नक्कीच सिद्ध होते. त्या विद्यापीठाने स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित करून मिरवणूक काढली तेव्हा अनेकांनी त्यांना हसून घेतले. मला ते हास्य पटत नाही. ज्या संघाला कोणीही हरवले नाही आणि ज्याला विजेत्याशी खेळूही दिले नाही, त्याने आणखी काय करावे?

चार संघांच्या दहा वर्षांत लहान कॉन्फरन्सचा एकच संघ आत पोहोचला, तो म्हणजे २०२१ चा सिनसिनाटी. त्यासाठी तेराही सामने जिंकणे पुरेसे ठरले नसते. नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर २४–१३ असे हरवणे, आणि नोत्र दामने उरलेले सगळे सामने जिंकून त्या विजयाची किंमत टिकवणे, हे दोन्ही जुळून यावे लागले.

मोठ्या कॉन्फरन्सच्या संघालाही क्रमवारीतली सुरुवातीची जागा कशी छळते, हे २००४ च्या ऑबर्नने अनुभवले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ पहिले, ओक्लाहोमा दुसरे आणि ऑबर्न सतरावे होते. पहिले दोघे हरलेच नाहीत, म्हणून शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. ऑबर्ननेही साउथईस्टर्न कॉन्फरन्स जिंकली आणि सगळे सामने जिंकले, पण जागा दोनच होत्या. अंतिम सामन्यात दक्षिण कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाला ५५–१९ असे हरवले. एकाही चेंडूला स्पर्श होण्याआधी पत्रकारांनी केलेल्या अंदाजाचा परिणाम जानेवारीपर्यंत टिकला, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होणार नाही.

२०२४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये बारा संघ घेतले जाऊ लागले. क्रमवारीतील सर्वोच्च पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा निश्चित आणि उरलेल्या सात जागा समितीच्या पसंतीच्या, अशी ती रचना होती. मोठ्या कॉन्फरन्स आता चारच उरल्यामुळे लहान कॉन्फरन्सच्या किमान एका विजेत्याला दार उघडे राहिले, आणि पहिल्याच वर्षी बोइझी स्टेट त्यातून आत आला. ही पद्धत २०२३ मध्ये असती, तर फ्लोरिडा स्टेट आणि अलाबामा दोघेही आत असते. कर्तृत्वाला निश्चित जागा आणि कुवतीला उरलेल्या जागा ही विभागणी मला तत्त्वतः योग्य वाटते, कारण कॉन्फरन्स जिंकलेल्या संघाला निदान वरच्या पाच विजेत्यांत असेपर्यंत कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही.

वाद मात्र पूर्ण मिटलेला नाही, तो खालच्या जागांकडे सरकला. पहिल्याच वर्षी शेवटच्या जागेसाठी दोन पराभवांचा सदर्न मेथडिस्ट आणि तीन पराभवांचा अलाबामा यांची तुलना झाली. समितीने सदर्न मेथडिस्टला घेतले, आणि कमी पराभव महत्त्वाचे की अवघड वेळापत्रक, हा जुना वाद नव्याने पेटला. लहान कॉन्फरन्सचे दोन विजेते एकाच वर्षी अपराजित राहिले, तर त्यांतल्या एकालाच जागेची हमी आहे आणि दुसरा पुन्हा समितीच्या पसंतीवर सोडलेला आहे. दुखापतींचा विचार करण्याची मुभा ज्या तरतुदीने दिली, ती निकषांतून काढून टाकावी आणि संघांचा क्रम त्यांनी खेळलेल्या सामन्यांवरूनच लावावा, एवढी दुरुस्ती झाली तरी कॉन्फरन्स जिंकणाऱ्या संघाला जिंकूनही क्रमवारीत खाली उतरावे लागणार नाही.